खातं आपलं, पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत

पांदण

सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टल. पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून. पोरीचा सीईटीचा अर्ज वेगळा, तिची शिष्यवृत्ती वेगळी, पीकविमा वेगळा. एका घराची खाती मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. त्यातल्या निम्म्या खात्यांचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो. तो असतो तालुक्याच्या सेतू केंद्रावरच्या वहीत, मोबाइल दुकानदाराच्या डोक्यात, नाहीतर पुण्याला गेलेल्या पुतण्याच्या फोनमध्ये.

मजबूत पासवर्ड कसा करावा यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. पण लिहिणारे सगळे असं धरून चालतात की ज्याचं खातं, त्यालाच पासवर्ड माहीत आहे. आपल्या खेड्यांत काम त्याच्याही आधीपासून सुरू करावं लागतं, म्हणून हा धागा.

आधी ई-मेलबद्दल. कुठल्याही खात्यावर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक मेलवर किंवा ओटीपी मोबाइलवर येतो. म्हणजे मेल आणि सिम ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात बाकी सगळं. नवा फोन घेतला की दुकानातच जीमेल काढून मिळतं आणि काढणारा सोयीसाठी रिकव्हरी नंबर (खातं परत मिळवायचा मोबाइल नंबर) स्वतःचा टाकतो. पुढे कधी फोन रीसेट केला की तो आधीचं गूगल खातं आणि त्याचा पासवर्ड मागतो, आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तेव्हा कळतं की खातं आपल्या नावाचं होतं, आपल्या हातातलं नव्हतं.

आज एवढंच करा. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग खातं, मग सुरक्षितता. तिथे रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते बघा. त्याच पानावर कोणकोणत्या फोनवर, कॉम्प्युटरवर हे खातं उघडं आहे त्याची यादी दिसते. ओळखीचं नसेल ते साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. क्रम हाच ठेवा, कारण रिकव्हरी नंबर दुसऱ्याचा राहिला तर बदललेला पासवर्डही तो परत बदलू शकतो.

दुसरी गोष्ट साच्याची. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि पुढे जन्मसाल. ती फाइल उघडण्यापुरतं ते ठीक. पण लक्षात ठेवायला सोपा म्हणून लोक तोच साचा सगळीकडे वापरतात. मतदार यादीत आपलं नाव आणि वय छापलेलं असतं. गावातल्या कोणालाही दोन-तीन प्रयत्नांत जमेल असा हा पासवर्ड.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. केंद्र चालवणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहावं, कारण त्यांना दोष देण्यासाठी मी हे मांडलेलं नाही.

सेतूवाला

मी केंद्र चालवतो, म्हणून लिहितो. वही आमच्याकडे आहे हे खरं. ती का आहे तेही ऐका. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला माणूस तीस किलोमीटरवरून येतो, पासवर्ड विसरलेला असतो, फोन घरी पोराजवळ, त्यामुळे ओटीपीही मिळत नाही. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं का? म्हणून आम्ही लिहून ठेवतो. लोकच म्हणतात, "भाऊ, तुमच्याजवळच राहू द्या, आमच्याकून हरवते."

पण ही वही म्हणजे आमच्याही गळ्यातलं लोढणं आहे. उद्या कोणाचे पैसे गेले तर पहिला संशय माझ्यावर. वही चोरीला गेली, कामावर ठेवलेल्या पोराने फोटो काढला, तर मी काय उत्तर देऊ? म्हणून मी आता वहीत फक्त अर्ज क्रमांक लिहितो. पासवर्ड माणसाने स्वतः ठरवायचा. लिहून हवा असेल तर चिठ्ठी त्याच्याजवळ, माझ्याजवळ नाही.

केंद्रावर जाणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट बघावी. लॉगिन केलं की ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडते, 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' अशी. गर्दीत काम करणारा सवयीने 'सेव्ह' दाबतो. त्या मशीनच्या पासवर्डच्या यादीत मग सगळ्या गावाचे पासवर्ड जमा होतात, आणि त्या मशीनवर बसणाऱ्या माणसाला ते वाचता येतात. तुम्ही सरळ सांगा, "गेस्ट विंडोत उघडा." ती खिडकी बंद केली की आतलं लॉगिन, पासवर्ड काही उरत नाही. काम झालं की उठायच्या आधी लॉग आउट झालं का ते स्वतः स्क्रीनवर बघा. यात केंद्रवाल्याचा अपमान वगैरे काही होत नाही.

वर्धाकाठ

नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव हिंगणघाटकडे. पासवर्ड 'मजबूत' म्हणजे नेमकं काय, ते सांगतो.

आठ आकडी पासवर्ड म्हटलं की १० कोटी शक्यता होतात, बऱ्याच वाटतात. पण ते आठ आकडे जन्मतारीख असतील तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून होतात साधारण ३६,५००. कॉम्प्युटरला ही यादी म्हणजे काहीच नाही. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांचं तर बोलायलाच नको, तो तर दुकानाच्या पाटीवर असतो.

चोर लॉगिनच्या पानावर बसून एकेक पासवर्ड टाकून बघतो, असा समज आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. कुठल्या तरी वेबसाइटची पूर्ण यादी फुटते आणि ती घेऊन तो निवांत बसतो. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले. ते तिथे साध्या अक्षरांत जसेच्या तसे ठेवलेले होते. त्यात सगळ्यांत जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता १२३४५६. लिंक्डइनची यादी २०१२ मध्ये फुटली, पण त्यातली ११ कोटी ७० लाख खाती विक्रीला आली ती थेट २०१६ मध्ये. म्हणजे आज फुटलेलं चार वर्षांनी अंगावर येऊ शकतं.

आता सगळीकडे एकच पासवर्ड असला तर काय होतं? गाण्यांच्या किंवा गेमच्या एखाद्या साइटवरून फुटलेला मेल-पासवर्ड चोर जीमेलवर, फेसबुकवर, खरेदीच्या ॲपवर लावून बघतो. हे काम यंत्र करतं, लाखो खात्यांवर. त्यामुळे 'माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं' हा विचार इथे चालत नाही, कारण कोणी तुम्हाला निवडलेलंच नसतं. आपला मेल कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त मेल टाकायचा.

कॅपिटल, आकडा, चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा नियम अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, कारण लोकांनी नावापुढे @१२३ लावलं आणि बदलायची वेळ आली की @१२४ केलं. निस्टने त्याच वर्षी सल्ला बदलला: लांबी महत्त्वाची, फुटल्याचा संशय असल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका, आणि फुटलेल्या यादीतले पासवर्ड मुळात स्वीकारूच नका.

पऱ्हाटी

सगळं पटलं भाऊ. पण मले सांगा, एवढाले लांब पासवर्ड ध्यानात कसे ठेवाचे? आमचा बुढा चार आकडी पिन इसरते. तुमी म्हनता हरेक खात्याले अलग. आमच्या घरी एकच स्मार्टफोन हाये, तो दिवसभर पोट्ट्याच्या हातात. शिकल्या-सवरल्या लोकाइचं ठीक हाये, वावरातून आल्यावर मानसानं हे काहून करत बसावं?

पांदण

पऱ्हाटी भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. सगळे पासवर्ड पाठ करायचेच नाहीत. पाठ करायचा तो एक, मेलचा. बाकीचे घरच्या वहीत लिहा.

'पासवर्ड कधीच लिहू नका' हा सल्ला शहरातल्या ऑफिससाठी ठीक असेल. आपल्यावर डाव टाकणारा माणूस बहुतेक दुसऱ्या राज्यात, फोनवर बसलेला असतो. तो आपल्या कपाटातल्या पेटीत हात घालू शकत नाही. सातबारा, पासबुक जिथे ठेवता तिथेच ही वही. मात्र तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवू नका, आणि फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी तर अजिबात नको. फोन गेला की सगळंच जातं. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र वहीतही लिहू नका.

एकच फोन सगळ्यांत असेल तर फोनचं लॉक पोराला माहीत असणारच. म्हणून यूपीआयचा पिन त्याहून वेगळा ठेवा. बहुतेक घरांत दोन्ही एकच असतात.

वर्धाकाठ

पाठ करायच्या त्या एका पासवर्डसाठी सोपी रीत आहे. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर म्हणून मांडली. ७,७७६ शब्दांची यादी, फासा पाच वेळा टाकायचा, जो आकडा येईल तो शब्द घ्यायचा. असे चार शब्द घेतले तर ३६ च्या पुढे १४ शून्यं एवढ्या शक्यता होतात. मेलसाठी पाच-सहा शब्द घ्या.

आपण यादीशिवायही त्याच्या जवळपास जाऊ शकतो. जुना पेपर घ्या, डोळे मिटून बोट ठेवा, शब्द उचला. निघतील असे: वखर, पोलीस, जांभूळ, तिकीट, उंबरठा. इंग्रजी अक्षरांत, मध्ये रेघ देऊन लिहा. (हा माझा नमुना, हाच ठेवू नका.) चित्र डोळ्यापुढे आणलं की पाठ होतो: पोलीस वखर घेऊन जांभळाखाली उभा आहे, वगैरे. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा घेऊ नका, ते चोराच्या याद्यांतही असतात. मुलाबाळांची, बैलांची नावं नकोत. शब्द चिठ्ठीसारखे निघाले पाहिजेत, मनाने निवडले की आपण सगळे तेच तेच निवडतो.

गटाची ताई

आमच्या बचत गटाचं सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. गटाची अध्यक्ष, सचिव बदलली की पासबुक, शिक्का, ठराव वही नव्या बाईकडे सह्या करून देतो. पण गटाचा मेल, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, पापड-मसाल्याच्या विक्रीचं फेसबुक पान हे जुन्या सचिवाच्या फोनवरच राहतं. तिच्या मनात काही नसतं हो. पण तिचा फोन पोराने विकला की गटाचा मेल त्याच्यासोबत गेला. आता आम्ही हस्तांतराच्या ठरावात ओळच घालतो: मेलचा पासवर्ड नव्या सचिवाने सगळ्यांसमोर बदलला, रिकव्हरी नंबर बदलला, जुन्या फोनवरून खातं काढलं. ग्रामपंचायतीच्या, शाळा समितीच्या, शेतकरी कंपनीच्या लोकांनीही हे करावं.

दुसरं, अंगठ्याचं. आधारवर अंगठा लावून पैसे काढतो, तेव्हा अंगठा हाच पासवर्ड झाला. आणि तो तर बदलताही येत नाही. "थंब लागला नाही, परत लावा" म्हटलं की आमच्या बाया मुकाट्याने परत लावतात. मी सांगते, आधी पावती किंवा मेसेज बघा, पहिल्यांदाच पैसे निघाले नाहीत ना ते विचारा, मग दुसरा अंगठा. एमआधार ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. पैसे काढायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचं लॉक करून ठेवा, त्यांना महिन्यातून एकदाच लागतं.

बारावी पास

मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्या वर्गात इन्स्टाग्राम खाती गेली ती पासवर्ड कच्चा होता म्हणून नाही. ओळखीच्या मित्राच्याच खात्यावरून मेसेज येतो, "तुझ्या नंबरवर एक कोड आला असेल, तो पाठव ना." मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं. कोड दिला की आपलंही गेलं, मग आपल्या नावाने पुढच्याला तोच मेसेज.

व्हॉट्सॲपवर हे आत्ताच करता येईल: सेटिंगमध्ये खातं, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन ठेवा. मग ओटीपी कोणाला कळला तरी पिनशिवाय खातं दुसऱ्या फोनवर चालू होत नाही. 'लिंक्ड डिव्हाइस'मध्ये नको ते काही दिसलं तर काढा. अजून एक, कुरिअरवाला बोलतो असं सांगून कोणी *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावला तर करू नका. त्याने आपले कॉल त्याच्याकडे वळतात, आणि ओटीपी कॉलवर मागवून तो ऐकतो. चुकून झालंच असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

पऱ्हाटी

आमच्या गावच्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची फाइल आली होती. हप्ता पाहाचा असन तर हे टाका म्हनून. कोनी टाकली, कोनी नाई. ते काय असते?

वर्धाकाठ

ती एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. टाकताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आपण 'हो' म्हणतो, आणि तेव्हापासून प्रत्येक ओटीपी चोराच्या फोनवर. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, वीजबिल अशा नावांनीही येते. तिथे पासवर्ड कितीही लांब असला तरी उपयोग नाही. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरून, ग्रुपवरून कधीच नाही. ज्यांनी टाकली असेल त्यांनी इंटरनेट बंद करून ॲप काढावं, शक्य तर फोन रीसेट करावा, आणि पासवर्ड दुसऱ्या चांगल्या फोनवरून बदलावेत. त्याच फोनवर बदलले तर नवेही त्याला मिळतील.

वहीपेक्षा पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप. अँड्रॉइडमध्ये गूगलचा आहेच. बिटवॉर्डन फुकटातही चालतो. कीपास फाइल आपल्याच मशीनवर ठेवतो, नेट लागत नाही. मॅनेजरचा मोठा फायदा मला वेगळाच वाटतो: तो साइटचा पत्ता तपासतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तो पासवर्ड भरतच नाही. माणसाचा डोळा फसतो, तो फसत नाही. पासकी त्याच्याही पुढची: किल्ली फोनमध्ये असते, आपण फोनचं लॉक किंवा बोट लावतो, टाइप काहीच करत नाही, त्यामुळे खोट्या पानाला द्यायला आपल्याकडे काही नसतंच. जिथे पर्याय दिसेल तिथे घ्या, पण ज्या फोनचं लॉक घरभर माहीत आहे त्यावर नको.

आणि बँकेच्या साइटचा पत्ता बघायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. सरकारी साइटचा शेवट डॉट गव्ह डॉट इन.

मास्तर

निवृत्त शिक्षक आहे. पैसे गेल्यावर लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, म्हणून तेवढं सांगतो.

पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर, त्याच मिनिटाला. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो, मध्ये कुठे तरी अडवता आला तर तो लवकर कळवल्यानेच. त्याच विषयाचं पोर्टल आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. मग बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरवून दिलं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच घोळ केला, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य धरायचं. पिन किंवा पासवर्ड तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणून लाजेखातर दोन दिवस गप्प बसणं सगळ्यांत महाग पडतं. घरच्यांनीही अशा वेळी म्हाताऱ्या माणसावर ओरडू नये. ओरड्याच्या भीतीनेच ते सांगत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क (इंग्रजी सी) खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गावातला ओळखीचा असला तरी गुन्हा तो गुन्हाच.

पऱ्हाटी

बुढ्याचा पयलेचा नंबर रिचार्ज नाई केला म्हनून बंद पडला. आता थो लावला तं दुसराच मानूस उचलते, यवतमाळकडचा. बँकेत, आधारले तोच नंबर असन तं?

सेतूवाला

भाऊ, हे मात्र उद्यावर टाकू नका. बंद पडलेला नंबर कंपनी निदान ९० दिवस तसाच ठेवते, मग दुसऱ्याला देते. त्या माणसाची चूक नाही, पण बाबाजींचे ओटीपी त्याला जात असणार.

क्रम असा ठेवा. आधी बँकेच्या शाखेत पासबुक आणि आधार घेऊन नंबर बदलायचा अर्ज द्या, पैसा तिथे आहे. मग आधार केंद्रावर बाबाजींना सोबत नेऊन तिथला नंबर बदला. मग जीमेल आणि व्हॉट्सॲप. नवं सिम बाबाजींच्याच नावावर आहे का ते संचार साथी पोर्टलवर बघा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं, नको असलेलं तिथूनच कळवता येतं. आणि तो नवा नंबर घरात कोणी तरी वेळेवर रिचार्ज करायची जबाबदारी घ्या.

बाबाजींना केंद्रावर आणाल तर फोन चार्ज करून आणा, लोडशेडिंगचा भरवसा नाही. पासवर्ड त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने टाकून घेऊ. मी फक्त कुठे दाबायचं ते सांगेन.

पऱ्हाटी

चालते. सोमवारी बँक करतो, मंगळवारी बाजाराले येनंच हाये, तवा बुढ्याले घेऊन येतो.